बेळगावच्या हवेतला टर्बो

मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन एक्स ही गाडी 2010 साली भारतात आली ती जपानहून पूर्ण बांधलेल्या स्वरूपात, आयात होऊन. किंमत पाहता ती फार थोड्या लोकांच्या दारात पोहोचली, हे स्वाभाविकच होते. तिच्यातले 4बी11 हे 1998 सीसीचे, चार सिलिंडरचे टर्बो (एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर हवा दाबून आत ढकलणारे) इंजिन 295 पीएस शक्ती आणि 366 न्यूटन मीटर टॉर्क देते. इव्होच्या आधीच्या नऊ पिढ्यांत 4जी63 हे बिडाच्या ब्लॉकचे इंजिन होते. या दहाव्या पिढीत ब्लॉक ॲल्युमिनियमचा झाला आणि टायमिंग बेल्टच्या जागी चेन आली. अशी एक गाडी, एमएच 09 म्हणजे कोल्हापूर पासिंगची, मी वापरलेली घेतली. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लेथ आणि मिलिंगचे वर्कशॉप आहे, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणे हा आमचा रोजचा धंदा, त्यामुळे दाब, गळती आणि सील हे विषय माझ्या हातातले होते. गाडी घेण्याचे धाडस झाले ते त्याच भरवशावर.

गाडी आली तेव्हा तिच्यावर बरेच काम झालेले होते. मोठ्या व्यासाची एक्झॉस्ट लाइन, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) नाही, उघड्या तोंडाचा एअर फिल्टर, ‘फुस्स’ असा आवाज करत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, आणि बॉनेटखाली स्प्रिंग व गोळीचा हाताने फिरवायचा बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या वाढीव दाबाचा, कंट्रोलर. यातला एकेक भाग चांगल्या दर्जाचा होता. परंतु मिनिटाला 3,500 फेऱ्यांच्या पुढे पूर्ण ॲक्सिलेटर दिला की मागून काळा धूर निघायचा, मग झटके बसायचे, आणि एकदम पाय काढला की इंजिन बंद पडते की काय असे वाटावे इतके खाली यायचे. आयडलिंग वर-खाली होत असे. आधीच्या मालकाने एका नावाजलेल्या गॅरेजात ती दाखवली होती आणि तिथे इंधनाची मर्यादाच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. तो सल्ला मानला गेला नाही, हे या इंजिनाचे नशीब. कारण ते झटके म्हणजे बिघाड नव्हताच. इंजिनावरचा भार ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःहून इंधन तोडतो, आणि तेच तो करत होता.

पुढच्या कामाचा क्रम ठरवताना एक गोष्ट कायद्याची होती. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असे नातेसंबंध असलेल्या आमच्या सीमाभागात एनओसी आणि कर्नाटकाचा आजीवन कर हा विषय घराघरात माहीत आहे. नव्या नोंदणीसाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. त्याच कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करण्यास मनाई करते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 182ए मध्ये प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मूळचा सायलेन्सर आणि मूळचा एअर बॉक्स परत बसवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवले. नुसत्या कागदांसाठी नव्हे, तर निदानासाठीही तेच योग्य होते, कारण बदललेल्या गाडीत दोष शोधताना कोणता परिणाम बदलाचा आणि कोणता बिघाडाचा हे वेगळे करता येत नाही.

या इंजिनात आत येणारी हवा एअर फिल्टरच्या लगेच पुढे असलेल्या एअरफ्लो सेन्सरवर मोजली जाते, आणि त्या मापावरून ईसीयू किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. मोजलेली हवा पुढे टर्बोत दाबली जाते, इंटरकूलरमध्ये थंड होते आणि थ्रॉटलमधून (ॲक्सिलेटरने उघडणाऱ्या झडपेतून) सिलिंडरात जाते. आता या वाटेवर टर्बोच्या पुढे कुठे गळती असेल तर मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र मूळ मापाचेच पडते, मिश्रण घट्ट होते आणि काळा धूर येतो. उलट आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, तेव्हा थ्रॉटलच्या पुढच्या गळतीतून न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते. एकाच गाडीत दाबाखाली घट्ट आणि आयडलिंगला पातळ अशी दोन्ही लक्षणे दिसत असतील, तर इंजेक्टर, पेट्रोल पंप किंवा सेन्सर यांच्यावर पैसे घालवण्याआधी गळती पाहावी, असे माझे ठाम मत आहे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मापात करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे नेमके हेच सांगत होते.

गळती पाहण्यासाठी टर्बोच्या तोंडावर बसणारे झाकण लागते. ते विकत मिळते, पण माप हुकले की तेच गळते, म्हणून मी ते लेथवर करून घेतले. नायलॉनचा जाड गोल घेऊन टर्बोच्या तोंडात जाणारा भाग सरकता बसेल इतका टर्न केला, त्यावर दोन खाचा काढून ओ-रिंग बसवल्या आणि मधोमध ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आटे पाडून घट्ट केला. मागे रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू दाब द्यायचा. दाब एक बारच्या आसपास ठेवला, कारण चालू इंजिनात मिळणाऱ्या तेलाच्या आधाराशिवाय टर्बोच्या सीलवर याहून अधिक दाब देणे मला योग्य वाटत नाही. एखादा सिलिंडर असा थांबलेला असतो की त्याचे व्हॉल्व्ह उघडे राहून हवा एक्झॉस्टमध्ये जाते; तेव्हा क्रँकपुली थोडी फिरवून पुन्हा दाब द्यावा, नाहीतर नसलेल्या गळतीचा पाठलाग सुरू होतो.

दाब दिला आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर फवारले. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, बंपरच्या आतल्या बाजूला, फेसाचा मोठा फुगा आला. तिथली सिलिकॉनची नळी चांगली होती, पण ज्या ॲल्युमिनियमच्या पाइपावर ती चढवली होती त्याच्या टोकाला उंचवटा काढलेलाच नव्हता. गुळगुळीत पाइपावर साधी स्क्रूची क्लिप आवळली होती आणि ती सिलिकॉनमध्ये रुतून त्याला कापत चालली होती. दुसरा फेस थ्रॉटलच्या स्पिंडलपाशी आला, बारीक पण सतत. तिसरा, चौथ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगपाशी. आयडलिंगच्या पातळ मिश्रणाचे कारण हे शेवटचे दोन होते. पाइपाच्या टोकाला आमच्या वेल्डर अण्णांनी टिगने बारीक मणी ओढून उंचवटा तयार केला, मी तो फाइलने गोल केला, नवी होज टी-बोल्टच्या रुंद क्लॅम्पने बसवली. ओ-रिंग आणि स्पिंडलचे सील बदलले. परत दाब देऊन कॉम्प्रेसरचा नळ बंद केला, तेव्हा काटा जागेवरून अगदी सावकाश उतरला.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण आमच्याकडची तरुण मुले त्या आवाजावर भाळून तोच भाग सर्वांत आधी बसवतात. पाय काढला की थ्रॉटल बंद होतो आणि दाबलेली हवा टर्बोच्या चाकावर उलटी आपटू नये म्हणून तिला वाट करून द्यावी लागते. मूळ गाडीत ही हवा टर्बोच्या तोंडाशी, म्हणजे सेन्सरच्या पुढे, परत सोडलेली असते. ती आधीच मोजलेली असल्यामुळे हिशेब बिघडत नाही. ती बाहेर सोडली तर पेट्रोल पडते आणि हवा मात्र गेलेली असते, आणि म्हणूनच पाय काढल्यावर इंजिन बुडायचे. मूळचा व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचा असतो आणि वाढीव दाबाला तो टिकत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावरचा उपाय धातूच्या शरीराचा पण हवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह, हवेत सोडणारा नव्हे. तो बसवल्यावर पाय काढताना इंजिन बुडणे त्याच दिवशी थांबले.

धूर गेला, आयडलिंग बसले, परंतु बूस्ट उशिरा चढत होता. टर्बोचा एक्झॉस्टकडचा भाग उघडला तेव्हा वेस्टगेटची झडप आपल्या जागी पूर्ण बसत नव्हती. तिच्या दांड्याचे बुश झिजून दांडा हलत होता आणि झडपेच्या कडेला एका बाजूनेच घासल्याची चकाकी होती. वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला बगल देणारी वाट. ती कायमची थोडी उघडी राहिली तर एक्झॉस्ट वायू चाक न फिरवताच निघून जातो. नवा टर्बो मागवण्याऐवजी उष्णता सोसणाऱ्या 310 ग्रेडच्या स्टेनलेसचे बुश करायचे ठरवले. दांड्याशी किती मोकळीक ठेवायची, हा प्रश्न होता. उद्यमबागेत फौंड्रीत आयुष्य काढलेले एक मामा रोज चहाला येतात, त्यांनी केसिंग हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाले, “सायब, गारपणी घट्ट बसवलासा तर तापल्यावर जाम होणार बघा. स्टेनलेस बिडापेक्षा जास्त फुगतंय. जरा ढिल्लं ऱ्हाऊ द्या की ओ.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, स्टेनलेस तापल्यावर बिडाहून बरेच अधिक प्रसरण पावते, बाहेरून बिडाने आवळलेले बुश आतल्या बाजूला येते, आणि इथले तापमान आठ-नऊशे अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मोकळीक वाढवली, झडप ग्राइंडिंग पेस्टने घासून तिची बैठक सर्व बाजूंनी एकसारखी मळकट दिसेपर्यंत काम केले, आणि हाताचा बूस्ट कंट्रोलर काढून मूळचा सोलेनॉइड परत जोडला. त्या कंट्रोलरवर बूस्ट चढताना क्षणभर 1.8 बारपर्यंत उसळी मारत असे. 95 ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता) पेट्रोलवर ही उसळी मला कदापि मान्य नव्हती.

आता जो विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हवेचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब सुमारे 92.6 किलोपास्कल भरतो, तर गोव्याच्या किनाऱ्यावर 101.3. डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा भोवतालच्या हवेपेक्षा दाब किती जास्त तेवढेच दाखवतो. काट्यावर 1.3 बार असेल तर बेळगावात मॅनिफोल्डमधला खरा दाब सुमारे 223 किलोपास्कल असतो आणि पणजीत 231. म्हणजे वर असताना टर्बो बाहेरच्या हवेला 2.4 पट दाबत असतो, खाली 2.28 पट. तेवढाच खरा दाब वरती मिळवायचा असेल तर टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि हवा अधिक दाबली की ती अधिक तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 72 टक्क्यांच्या आसपास धरली तर 2.4 पट दाबलेली 30 अंशांची हवा सुमारे 150 अंशांवर पोहोचते. इंटरकूलर स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व या एका आकड्यात आहे. खानापूर, जांबोटीच्या रस्त्यावरचा लाल चिखल पावसाळ्यात त्याच्या पंखांत बसतो आणि कडक होतो. तो दाबाच्या पाण्याने न उडवता भिजवून, मऊ ब्रशने काढला, कारण पंख वाकले तर चिखल आणि हवा दोघांचीही वाट बंद होते.

याचा ट्यूनिंगशी संबंध असा की ईसीयूतले इग्निशनचे, म्हणजे ठिणगी कधी टाकायची याचे, तक्ते फेऱ्या आणि भार यांच्या चौकटींत मांडलेले असतात. बेळगावात ट्यून केलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की त्याच काट्यावर तिच्या सिलिंडरात अधिक हवा शिरते आणि ती तक्त्यातल्या अशा चौकटींत जाते, जिथे ट्यूनिंगच्या वेळी ती पोहोचलीच नव्हती. त्या चौकटींतले आकडे कोणी तपासलेले नसतात. नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, आपोआप पेटणे) होते ते तिथे, आणि गाडीचा मालक मात्र गोव्याच्या पेट्रोलला दोष देतो. म्हणून पुण्यात डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) गाडी चढवली तेव्हा ठरवलेल्या बूस्टपेक्षा तो मुद्दाम सुमारे दहा किलोपास्कल वाढवून वरच्या चौकटींतला इग्निशन तपासून घेतला, जरूर तिथे मागे घेतला, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा केली, आणि मग बूस्ट पुन्हा 1.3 बारवर आणला. पूर्ण ॲक्सिलेटरची चाचणी राष्ट्रीय महामार्गावर करू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. ही गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अशा वेगाला जाते, की काकतीच्या उतारावर ऊसाची ट्रॉली आडवी आली तर काहीच हातात राहत नाही.

डायनोच्या कागदावर शक्तीचे दोन आकडे मिळतात, प्रत्यक्ष मोजलेला आणि समुद्रसपाटीला सुधारलेला. ही सुधारणा टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी बांधलेली आहे. उंचीमुळे जितकी हवा कमी तितकी शक्ती कमी, असे ती गृहीत धरते. टर्बो त्यातला बराचसा तोटा स्वतःच भरून काढतो, त्यामुळे पुण्याच्या 560 मीटरवरचा सुधारलेला आकडा अशा गाडीचे कौतुक जरा जास्तच करतो. मी दर वेळी न सुधारलेल्या आकड्यांचीच तुलना केली.

नॉकिंग ऐकण्यासाठी ईसीयूचा सेन्सर असतो, परंतु इंजिनातले इतर आवाजही त्याच्या कानावर पडतात. म्हणून तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून त्याला भोक पाडले, ते ब्लॉकच्या एका बोल्टखाली आवळले, आणि दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी लावून ती कानावरच्या इअरमफपर्यंत आणली. डायनोवर इंजिन चढत असताना त्यातून एकसारखी घरघर ऐकू येते आणि नॉकिंग झाले तर तिच्यावर दगडावर खडा मारावा तसा सुटा, कोरडा ठणका येतो. लॉगमधला नॉकचा आकडा आणि हा ठणका एकाच फेऱ्यांवर जुळला तरच मी इग्निशन मागे घेतला. या गाडीच्या ईसीयूत उच्च आणि कमी ऑक्टेनचे असे वेगळे तक्ते असतात आणि वारंवार नॉकिंग झाले तर तो कमी ऑक्टेनच्या तक्त्याकडे सरकत जातो. त्यामुळे एकदा वाईट पेट्रोल भरलेली गाडी टाकी बदलल्यावरही काही काळ मंद वाटते.

पेट्रोलचा प्रश्न आता निराळा झाला आहे. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला जवळजवळ नऊ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलेटरवर मात्र ईसीयू तक्त्यावरूनच चालतो, आणि जुन्या पेट्रोलवर बांधलेला तक्ता नव्या पेट्रोलवर मिश्रण पातळ करतो, तेही नेमके जिथे इंजिनाला घट्ट मिश्रणाची गरज असते तिथे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो आणि त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंडही होते, हा फायदा खरा, पण इंजेक्टरचे माप सुधारून घेतल्यावरच तो हाताला लागतो. वाइडबँड (मिश्रण नेमके मोजणारा) सेन्सर लावून बूस्टखाली लॅम्डा, म्हणजे गरजेच्या तुलनेत हवेचे प्रमाण, 0.78 च्या आसपास येईल असे माप बसवले. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घेतले आणि त्यांचे अंतर 0.6 मिलिमीटर ठेवले. दाट हवेतून ठिणगीला उडी मारणे अवघड जाते, आणि अंतर जास्त राहिले तर गाडी वरच्या फेऱ्यांना मिसिंग करते.

एवढे झाल्यावर बूस्ट वाढवण्याचा मोह राहतोच. मी तो वाढवलेला नाही, कारण पुढची मर्यादा इंजिनाची नसून गिअरबॉक्सची आहे. भारतात ही गाडी दोन क्लचच्या सहा गिअरच्या टीसी-एसएसटी गिअरबॉक्ससह आली. तिचे तेल ठरावीक प्रतीचेच लागते आणि ते तापले की गाडी स्वतःच वेग कमी करण्याची सूचना देते. चोर्ल्याचा चढ, उन्हाळ्याची दुपार आणि पुढे कणकुंबीपर्यंत एकही गाडी न ओलांडता येणारी ट्रकांची रांग, अशा परिस्थितीत क्लच सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापमान चढते. सध्या तेल आणि दोन्ही फिल्टर नवे आहेत, तापमानाचे लॉग जमा होत आहेत, आणि पुढच्या बंपरच्या उजव्या पोकळीत मावेल अशा स्वतंत्र ऑइल कूलरचे ब्रॅकेट आमच्या मिलिंगवर तयार होत आहे. त्याच्या जोडांची दाबचाचणी त्याच कॉम्प्रेसरवर, बसवण्याआधी होईल.